सिंहगड उतरून भरलेल्या मांड्या आणि अळंबीच्या गोळ्या

घाटचढ | १४ मे, रात्री १०:४०

मंडळी, सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन धरली आहे. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत खाली यायचं. चढाचं काही वाटत नाही, पण उतार माझा जीव घेतो.

एप्रिलच्या मध्यावर सरावाला म्हणून आतकरवाडीतून सिंहगड चढलो आणि पळत उतरलो. त्या दिवशी काही नाही. वर मडक्यातलं दही खाल्लं, खाली येऊन फोटो टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर मांड्या अशा भरलेल्या की कमोडवर बसताना भिंत धरावी लागली. तिसऱ्या दिवशी त्याहून वाईट. आमची लिफ्ट बंद होती, तीन मजले कठडा धरून आडवा आडवा उतरलो, खेकड्यासारखा. शेजारच्या आजी माझ्या पुढे निघून गेल्या.

ग्रुपमधल्या एकाने कॉर्डिसेप्स नावाच्या अळंबीच्या गोळ्या दिल्या. ६० कॅप्सूल, ९०० रुपये, एकेक ५०० मिलीग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ एक. पंधरा-सोळा दिवस घेतल्या आणि मेच्या पहिल्या रविवारी पुन्हा तीच वाट, तोच वेग. आणि काय सांगू, एकच दिवस थोडं जड वाटलं, बस्स. लॅक्टिक ॲसिड साठलंच नाही.

तर प्रश्न असा: कॉर्डिसेप्सच चालू ठेवू की रेशी, लायन्स मेन वगैरे दुसऱ्या अळंब्या जोडीला घेऊ? कुणी घेतंय का? ब्रँडची नावं व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे नकोत.

लालमाती | १४ मे, रात्री ११:०५

भावा, अळंबी खाऊन पळायचं दिवस आलं म्हणायचं. आमच्या तालमीत हजार बैठका मारल्या की दुसऱ्या दिवशी जिना चढता येत नव्हता, वस्ताद म्हणायचं, "आजबी मार." मारल्या की दुखायचं राहायचं. वर बदाम घोटलेली थंडाई. कुणी गोळी दिली न्हाई.

फिजिओताई | १५ मे, सकाळी ७:२०

लालमाती यांचे वस्ताद शास्त्राच्या फार जवळ होते, हे आधी सांगते.

घाटचढ, दोन गोष्टी. पहिली: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखतं त्याचा लॅक्टिक ॲसिडशी संबंध नाही. ते पळणं थांबवल्यावर तासाभरात रक्तातून जवळजवळ निघून जातं. तुमच्या मांड्या भरल्या त्या ब्रेक लावून. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतो आणि लांबता लांबताच तुमचं वजन तोलत असतो. अशा कामात स्नायूचे बारीक धागे जागोजाग उसवतात, मग दुरुस्तीची माणसं येतात, सूज येते, आणि दुखणं २४ ते ७२ तासांत कळसाला जातं. चढताना स्नायू आखडत काम करतो, म्हणून दम लागतो पण मांड्या भरत नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. असा एक उतार झाला की स्नायू पुढच्यासाठी तयार होतात. दुसऱ्या वेळी तोच उतार, तोच वेग, आणि दुखणं निम्म्यावर किंवा त्याहून कमी. हे संरक्षण काही आठवडे टिकतं, कधी काही महिनेसुद्धा. आमच्याकडे अभ्यासात हे पहिल्या वर्षीच येतं. आता तुमचीच तारीखवार हकीकत परत वाचा. पहिल्या वेळी गोळी नव्हती, दुसऱ्या वेळी होती. काम केलं पहिल्या उताराने, श्रेय घेऊन गेली डबी.

घाटचढ | १५ मे, सकाळी ८:०२

ताई, पण फरक खूप होता हो. एवढा फरक नुसता सवयीने पडतो?

फिजिओताई | १५ मे, सकाळी ८:१५

पडतो. म्हणून तर या गोळ्या विकणाऱ्यांचं बरं चाललंय. माणूस गोळी कधी शोधतो? सगळ्यात जास्त दुखल्यावर. त्यानंतर दुखणं कमीच व्हायचं असतं.

आकडेशास्त्री | १५ मे, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्रोटक होईल.

कॉर्डिसेप्सवरचे खेळाडूंमधले प्रयोग बोटांवर मोजण्याइतके. २००४ साली २२ सायकलपटूंवर झाला: पाच आठवडे रोज ३ ग्रॅम, निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. दमात फरक नाही, शर्यतीच्या वेळेत फरक नाही. २०१० सालचा आहे ५० ते ७५ वयाच्या २० लोकांवर, तिथे धाप लागण्याची पातळी थोडी वर सरकली, पण कमाल ऑक्सिजन क्षमता होती तिथेच. २०१७ सालच्या प्रयोगात २८ जणांना अळंब्यांचं मिश्रण रोज ४ ग्रॅम दिलं. एका आठवड्यात जवळपास काही नाही, तीन आठवड्यांनी कमाल क्षमता वाढलेली दिसली, पण तिसऱ्या आठवड्यापर्यंत मोजायला उरलेली माणसं फारच थोडी. जाहिरातींत हाच तिसरा प्रयोग फिरतो, पहिल्याचं नाव कुणी काढत नाही.

आणि हे सगळं दमाबद्दल. तुम्ही विचारताय भरलेल्या मांड्यांबद्दल. त्यावर अजूनच तुटपुंजं. इटलीतला रेशी आणि कॉर्डिसेप्सचा एक प्रयोग सगळे दाखवतात, लाळेतल्या टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसोल या संप्रेरकांच्या गुणोत्तरावरचा. किती सायकलपटू? सात. आमच्या सोसायटीच्या गणपती मंडळाच्या कार्यकारिणीत याहून जास्त लोक आहेत.

एका बाजूनेच बोललो असं नको. तैवानमधल्या मंडळींनी २०२४ मध्ये तरुणांच्या मांडीतून सुईने स्नायूचे तुकडे काढून पाहिले. व्यायामाआधी कॉर्डिसेप्स घेतलेल्यांच्या स्नायूत दुरुस्तीच्या मूळपेशी लवकर जमल्या. कुतूहल वाटावं असं आहे, पण लहान आहे, आणि त्या पेशी लवकर आल्या म्हणून माणूस जिना सरळ उतरू शकला का, हे त्यातून कळत नाही.

हिशेबाचं बोलायचं तर वरच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रयोगातला डोस रोज ३-४ ग्रॅम, तुमचा एक ग्रॅम. ३ ग्रॅमला रोज सहा कॅप्सूल, डबी दहा दिवसांत रिकामी, महिन्याला २,७०० रुपये. त्यात शेंगदाणे, अंडी, दूध किती येईल ते तुम्हीच काढा.

नुसता_वाचक | १५ मे, दुपारी २:१०

+१. पहिल्यांदाच लिहितोय, एवढंच.

खाडीकाठ | १५ मे, दुपारी ४:४५

अवांतर होईल पण राहवत नाही. आमच्या मालवणाकडे पहिल्या पावसानंतर वारुळांवर रोवणं येतात, विदर्भात सात्या म्हणतात, गोव्यात ओलमी. नारळाच्या वाटपात केलेलं रोवणांचं सांबारं खाऊन माणूस पळत नाही, आडवा होतो. रिकव्हरी म्हणतात ती हीच असावी.

जारवाला | १५ मे, रात्री ९:५०

मी मिरजेजवळ कॉर्डिसेप्स वाढवतो, चार वर्षं झाली. म्हणजे माझा यात धंदा आहे, ते धरूनच वाचा.

घाटचढ, तुमच्या डबीवर 'सायनेन्सिस' लिहिलंय का? कारण खरी सायनेन्सिस म्हणजे किडाजडी. हिमालयात साडेतीन हजार मीटरच्या वर, जमिनीखालच्या एका पतंगाच्या अळीवर ही बुरशी चढते, अळी मरते आणि बर्फ वितळला की तिच्या डोक्यातून तपकिरी काडी वर येते. पिथौरागड, चमोलीची माणसं मे-जूनमध्ये गुडघ्यांवर रांगत, गवतात डोळे घालून एकेक काडी शोधतात. इतकी ओरबाडली गेली की २०२० मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती धोक्यातल्या प्रजातींत घातली. तिचा किलोचा भाव लाखांत असतो. ९०० रुपयांत ६० कॅप्सूल भरतील एवढी किडाजडी मिळत असती तर मी मिरजेत एसी लावून बसलो नसतो.

बाजारात त्या नावाने येतं ते बहुतेक कारखान्यात टाकीत वाढवलेलं तंतूजाल. आम्ही लावतो ती दुसरी जात, मिलिटॅरिस. तिला अळी लागत नाही, भात चालतो. जारमध्ये तांदूळ आणि पोषक द्रावण, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक, मग द्रवरूप बियाणं सोडायचं. आठ-दहा दिवस अंधार, नंतर उजेड, १८ ते २० अंश तापमान. दोन महिन्यांच्या आत-बाहेर केशरी बोटं वर येतात. एक रात्र लाईट गेली आणि इन्व्हर्टरने दगा दिला की अख्खी खोली हिरव्या बुरशीची. गेल्या उन्हाळ्यात तीनशे जार उकिरड्यावर टाकले, कुणाला सांगतो.

आता गुपित. बोटं कापली की खाली भाताचा बुडखा उरतो. बुरशीचे तंतू त्यात असतात, पण वजन मुख्यतः भाताचं. एक व्यापारी दर महिन्याला फोन करून तो बुडखा मागतो. "वाळवून द्या, दळायचं आम्ही बघतो." मी देत नाही. देणारे आहेत.

ओहायोकर | १६ मे, सकाळी ६:३०

इकडेही तेच. २०१७ मध्ये अमेरिकेत विकली जाणारी रेशीची १९ उत्पादनं तपासली, त्यातली फक्त ५ लेबलवर लिहिल्याप्रमाणे निघाली. काहींमध्ये रेशीच्या खुणाच सापडेनात, स्टार्च मात्र सापडला.

घाटचढ | १६ मे, सकाळी ७:१५

घरी कसं तपासायचं?

जारवाला | १६ मे, सकाळी ७:४०

बेटाडीन आहे का घरात? शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळं केलं होतं ना, तेच. अळंबी स्वतःत स्टार्च साठवत नाही, ती ग्लायकोजेन साठवते. कॅप्सूल फोडून पावडर बशीत घ्या, चमचाभर पाण्यात कालवा, बेटाडीनमध्ये थोडं पाणी घालून थेंब टाका. शेजारी दुसऱ्या बशीत तांदळाच्या पेजेचा थेंब ठेवा, तुलनेला. निळं-काळं झालं तर धान्य आहे. तपकिरीच राहिलं तर निदान पीठ नाही. बीटा-ग्लुकन, कॉर्डिसेपिन ही अळंबीतली द्रव्यं किती आहेत, हे यातून कळणार नाही, त्याला प्रयोगशाळाच लागते.

घाटचढ | १७ मे, रात्री ९:२०

केलं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर तीन बश्या मांडल्या. पहिलीत पेज, दुसरीत माझी कॅप्सूल, तिसरीत भाजीवाल्याकडचं बटन मशरूम किसून. मुलगी विज्ञान प्रदर्शनाचं असल्यासारखी वही घेऊन बसली.

पेज: लगेच निळीकाळी. मशरूम: पिवळट तपकिरी, ढिम्म. माझी कॅप्सूल: कडेने जांभळी झाली, मग दहा सेकंदांत दौतीतल्या शाईसारखी. पेजेच्या बशीत आणि तिच्यात फरक सांगता येईना, मुलीने बश्या फिरवल्यावर मी चुकलोच.

बायको म्हणाली, "नऊशे रुपये किलो इंद्रायणी ऐकला नव्हता." किलो कुठला, तीस ग्रॅम.

लालमाती | १७ मे, रात्री ९:३१

🙏 भावा, निदान भात तरी पचला.

ट्रॅकवरची_आई | १९ मे, दुपारी १२:१०

हा धागा तीनदा वाचला, आता विचारतेच. माझी मुलगी १६ वर्षांची, ८०० मीटर पळते, राज्य पातळीवर. तिच्याबरोबरच्या दोघी मशरूमची पावडर घेतात, प्रशिक्षकच देतात. "नैसर्गिक आहे, जडीबुटी आहे, डोपिंगमध्ये येत नाही," असं म्हणाले. देऊ का?

फिजिओताई | १९ मे, दुपारी १:००

ताई, कॉर्डिसेप्स आणि रेशी ही नावं वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, प्रतिबंधित यादीत नाहीत, हे खरं. पण यादीत अळंबी आहे की नाही हा प्रश्नच नाही, डबीत आणखी काय मिसळलंय हा आहे. एकाच यंत्रावर आधी दुसरं काही भरलं असेल, किंवा गुण यावा म्हणून मुद्दाम घातलं असेल. नमुन्यात काही सापडलं तर "मला माहीत नव्हतं" याने सुटका होत नाही. शरीरात काय गेलं याची जबाबदारी खेळाडूची, मग वय १६ असो की २६.

२०११ आठवतंय? आशियाई सुवर्ण जिंकलेल्या आपल्या महिला रिले संघातल्या धावपटू स्टेरॉइडमध्ये अडकल्या. परदेशी प्रशिक्षकांनी आणलेलं जिनसेंग घेतलं, असं त्यांचं म्हणणं होतं. तीही जडीबुटीच. चूक मोठी नाही असं धरून आधी एक वर्षाची बंदी झाली, मग क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली. लंडन ऑलिम्पिक गेलं.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगते: प्रत्येक घाण्याची, म्हणजे बॅचची, प्रतिबंधित द्रव्यांसाठी तपासणी झाल्याची खूण असलेलंच काही घ्यायचं असेल तर घ्या, बॅच क्रमांकाचा फोटो ठेवा. १६ वर्षांच्या मुलीला तर आधी तिचं लोह तपासा. मी पाहते त्यातल्या अर्ध्याअधिक दमलेल्या मुलींचं हिमोग्लोबिन बघितलं की पुढचं बोलायची गरज उरत नाही.

आकडेशास्त्री | १९ मे, रात्री १०:१५

जडीबुटीचा विषय निघालाच आहे तर कॉर्डिसेप्सला खेळाडूंच्या तोंडी आणणाऱ्याची गोष्ट सांगतो.

१९९३. चीनचे प्रशिक्षक मा जुनरेन. ऑगस्टमध्ये स्टुटगार्टच्या जागतिक स्पर्धेत त्यांच्या मुलींनी १५००, ३००० आणि १०,००० मीटर, तिन्ही सुवर्णपदकं नेली. सप्टेंबरात बीजिंगला वांग जुनशिया १०,००० मीटर २९ मिनिटे ३१.७८ सेकंदांत धावली. आधीचा विक्रम ३० मिनिटे १३.७४ सेकंदांचा, म्हणजे एका फटक्यात ४२ सेकंद. या अंतरात विक्रम दोन-चार सेकंदांनी मोडला तरी माणसं उठून उभी राहतात. जगाने विचारलं, कसं? मा म्हणाले: डोंगरावरचा खडतर सराव, कासवाचं रक्त आणि किडाजडी.

किडाजडीचा जगभरचा बोलबाला त्या उत्तरानंतर सुरू झाला. २००० मध्ये सिडनीला निघायच्या आधी चीनने रक्त तपासण्या केल्या आणि मा यांच्या सातपैकी सहा धावपटूंना संघातून वगळलं. पुढे २०१६ च्या सुरुवातीला चिनी माध्यमांत एक जुनं पत्र आलं, वांग आणि तिच्या सोबतिणींच्या सह्यांचं म्हणून, की आम्हाला उत्तेजकं दिली जात होती. तो विक्रम मोडला त्याच वर्षी रिओत, २३ वर्षांनी.

डबीवर "ऑलिम्पिक खेळाडूंचं गुपित" असं काही लिहिलेलं दिसलं की मला ते कासव आठवतं.

ट्रॅकवरची_आई | २० मे, सकाळी ९:००

धन्यवाद ताई, आकडेशास्त्री. नाही देणार. लोहाची तपासणी करायला टाकलीय.

सदाशिव_पेठी | २० मे, सकाळी ११:३०

माझे वडील ७४, अँजिओप्लास्टी झालेली, रक्त पातळ करायची गोळी चालू. त्यांना सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर कुणी रेशी सांगितलं. प्रतिकारशक्तीसाठी. चालेल?

फिजिओताई | २० मे, दुपारी १२:०५

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. रेशी रक्त गोठण्याच्या क्रियेत ढवळाढवळ करू शकते आणि वडिलांची गोळीही तेच काम करते. रेशीच्या पावडरीनंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. चागा नावाची आणखी एक येते, तिच्यात ऑक्झलेट खूप. जपानमध्ये ७२ वर्षांच्या बाईंनी सहा महिने रोज चार-पाच चमचे घेतली आणि मूत्रपिंडं गेली. फिरणं चालू ठेवायला सांगा, कट्टा बदलला तरी चालेल.

घाटचढ | ६ जून, रात्री ११:१०

परत आलो. माझं डोकं शांत बसेना. माझी डबी भाताची निघाली म्हणून अळंबीच खोटी असं कसं म्हणायचं? जारवाला यांच्याकडून निव्वळ बोटांची पावडर मागवली. पैसे देऊन, किती ते विचारू नका, बायको हा धागा वाचते. बेटाडीन टाकलं, तपकिरीच राहिलं.

ताईंशी व्यनितून बोलून ठरवलंय असं: 'अ' आणि 'ब' दोन बरण्या. एकीत ही पावडर, दुसरीत भाजलेल्या नाचणीचं पीठ. कशात काय ते फक्त बायकोला माहीत, तिने चिठ्ठी पाकिटात घालून देवघरात ठेवली आहे. प्रत्येक बरणी तीन आठवडे, रोज सहा कॅप्सूल. मध्ये एक आठवडा मोकळा. प्रत्येक फेरीच्या शेवटच्या रविवारी सिंहगड, तीच वाट. मोजमाप: सोमवार ते बुधवार सकाळी आमचे ५४ पायऱ्यांचे तीन मजले उतरताना किती वेळा कठड्याला हात लावावा लागला. मोजणार मुलगी, मी नाही.

आज कॅप्सूल भरल्या. रिकाम्या अपारदर्शक कॅप्सूल मागवल्या होत्या, पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात उभ्या केल्या. मला खोलीत बंदी. बाहेरून फक्त आवाज ऐकू येत होते. आई, बायको, मुलगी, तिघी दिवाळीच्या करंज्या भराव्यात तशा बसल्या. एका बरणीच्या १२६, दोन्ही मिळून २५२. आईचा एकच प्रश्न: "चातुर्मासात अळंबी चालते का रे?" मी म्हटलं मला माहीतच नाही मी काय खातोय. ती म्हणाली मग चालेल.

फिजिओताई | ७ जून, सकाळी ६:५०

बरं. एक मात्र आधीच लिहून ठेवते, नंतर पश्चातबुद्धी नको. तुम्ही आता दर आठवड्याला उतार पळताय. 'ब'च्या वेळी 'अ'पेक्षा कमी दुखायची शक्यता तशीही आहे, बरणीत काहीही असो. खरं तर अर्ध्या लोकांना आधी 'अ' आणि अर्ध्यांना आधी 'ब' द्यायला हवं, पण तुम्ही एकच आहात. एका पायाला गोळी द्यायची सोय असती तर प्रश्नच मिटला असता.

आणखी एक. दुरुस्तीच्या वेळची सूज म्हणजे नुसती कटकट नव्हे, तीच स्नायूला पुढच्यासाठी निरोप देते. २००९ मध्ये जर्मनीत लोकांना व्यायामाबरोबर रोज १००० मिलीग्रॅम सी आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व (दोन्ही अँटिऑक्सिडंट) दिलं, तर व्यायामाने शरीराची साखर हाताळण्यात जी सुधारणा व्हायची ती दाबली गेली. न घेणाऱ्यांत झाली. अळंबीने तसं होतं असं मी म्हणत नाही. पण "अँटिऑक्सिडंटने भरपूर" हे वाक्य सरावाच्या दिवसांत कौतुकाचं समजू नका.

घाटचढ | १ जुलै, रात्री ९:००

'अ' संपली. रविवारी २८ ला उतरलो. वाट पार चिखलाची, आतकरवाडीच्या वरच्या टप्प्यात दोनदा बसलो, त्यामुळे वेग थोडा कमी. कठडा: सोमवारी ९, मंगळवारी ११, बुधवारी ४. पोट ठीक. झोप ठीक. विशेष काही नाही.

खाडीकाठ | १ जुलै, रात्री ९:४०

आमच्याकडे रोवणं आली. किलोभर साफ करून ठेवलीत. तुमचं चालू द्या.

घाटचढ | २९ जुलै, रात्री १०:२५

'ब' पण झाली. कठडा: सोमवारी ४, मंगळवारी ५, बुधवारी ०. शिवाय सरावात दोन-तीनदा मला आतून वाटलं की पाय हलके पडतायत. दुपारची पेंगही कमी. घरात सगळ्यांसमोर जाहीर केलं, 'ब' म्हणजे कॉर्डिसेप्स, पैज. आई म्हणाली, "रंग पण आलाय तुझ्या तोंडावर."

मुलीने देवघरातून पाकीट आणलं. फोडलं.

ब: नाचणी.

आकडेशास्त्री | २९ जुलै, रात्री १०:२७

😄😄 दंडवत घ्या.

जारवाला | २९ जुलै, रात्री १०:५०

माझ्या पोटावर पाय आणलात राव. पण प्रामाणिकपणे केलंत, मान्य. माझं गिऱ्हाईक मला विचारतं "काय होतं याने?" तेव्हा मी आजवर "लोक म्हणतात दम वाढतो" असं सांगायचो. उद्यापासून काय सांगायचं ते बघावं लागेल.

फिजिओताई | ३० जुलै, सकाळी ७:०५

७ जूनचं माझं पोस्ट परत वाचा. 'ब'ला चांगलं वाटलं ते दुसरी आली म्हणून, आणि तोवर तुमचे पाय सहा-सात उतार खाऊन झाले होते म्हणून. यावरून कॉर्डिसेप्सने काहीच होत नाही असंही सिद्ध होत नाही, एक माणूस, दोन रविवार, वर चिखल. "पाय हलके पडतायत" हे नाचणी खाऊनही वाटतं, एवढं मात्र नक्की कळलं.

सप्टेंबरपर्यंत दर दहा दिवसांनी एक उतार ठेवा, शेवटचा शर्यतीच्या दोन आठवडे आधी. पळून आल्यावर तासाभरात पोटभर जेवा. रात्री अकराला फोरमवर लिहिणं बंद करून झोपा, हे तुम्हाला फुकट.

घाटचढ | ३० जुलै, रात्री ९:३०

नऊलाच लिहितोय ताई, बघा.

फक्त एक घोळ झालाय. 'अ'च्या वेळी चार-पाच दिवस संध्याकाळच्या कॅप्सूल विसरलो होतो, त्या बरणीत उरल्या होत्या. 'ब'मध्येही काही उरल्या. मुलीने आवरताना दोन्ही एकाच डब्यात ओतल्या. साधारण तीस आहेत, बाहेरून सगळ्या सारख्या. टाकवत नाहीत, पैसे गेलेत. काय करू?

लालमाती | ३० जुलै, रात्री ९:४४

समद्या फोड, ताकात कालव, मीठ-जिरं टाक, आंबील करून पी. अन् रविवारी चिखल वाळला असंल तर आजूक एकदा उतर.